जहाजावरून उतरलेली लाइफबोट आणि बेलापूर खाडीकाठची दुरुस्ती: एका कामाचं परीक्षण

बोट पाच मीटर लांब, 2.2 मीटर रुंद, वरून पूर्ण बंद, भडक नारिंगी. पाटीवर बांधणीचं साल 1996, माणसं 22. मालवाहू जहाज भंगारात निघालं, त्यावरची ही बोट मुंबईतल्या दारूखाना भागाच्या भंगार बाजारातून बेलापूरला आली आणि खाडीकाठच्या एका छोट्या फायबर वर्कशॉपमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी असं चार महिने तिचं काम झालं. हेतू एवढाच की खाडीत आणि बंदराच्या आतल्या पाण्यात चालणारी, भरवशाची खासगी बोट हाती यावी. वर्कशॉपचं नाव इथे देत नाही. काम कसं झालं ते तपशिलात देतो, म्हणजे हेच प्रश्न कुठल्याही फायबरवाल्याला विचारता येतील.

निकाल आधीच सांगतो. बॉडीचं आणि आतल्या फोमचं काम उत्तम. इंजिनाचं काम चांगलं, पण डिझेल टाकीत आळस झाला. खिडक्यांचं सीलिंग कच्चं होतं, दुसऱ्यांदा करावं लागलं. अंदाजपत्रक अर्धवट होतं.

फोमचं काम सगळ्यात वर का, हे कळायला लाइफबोट काय चीज आहे ते पाहावं लागतं. 1912 मध्ये टायटॅनिकवर 20 बोटी होत्या, त्यांत जागा 1178 जणांची आणि जहाजावर माणसं सुमारे 2200. त्या धक्क्यातून समुद्रातल्या जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे 1914 चा पहिला सोलास करार झाला. आपल्याकडे 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास ही प्रवासी बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगड-मुंबईच्या किनाऱ्यावर ते दुःख अजून विसरलेलं नाही. पुढची अनेक दशकं जहाजांवरच्या लाइफबोटी मात्र उघड्याच राहिल्या. सोलासमधल्या 1983 च्या दुरुस्त्या 1 जुलै 1986 पासून लागू झाल्या आणि नव्या मालवाहू जहाजांवर पूर्ण बंद, उलटली तरी आपोआप सरळ होणारी बोट आली. आज भंगार बाजारात ज्या नारिंगी बोटी दिसतात त्या बहुतेक याच पिढीच्या.

ही बोट सरळ होते ती जादूने नव्हे. इंजिन आणि कील (तळाचा कणा) खाली जड, वरच्या छतात हलका फोम भरलेला, आत माणसं पट्ट्यांनी बांधलेली आणि दारं बंद, अशा चार गोष्टी जुळल्या की ती फिरून सरळ होते. शिवाय आत पाणी शिरलं तरी सगळ्या सामानासकट तरंगली पाहिजे, आणि त्यावर प्रत्येक माणसामागे 280 न्यूटन जादा तरंगशक्ती हवी, असा नियम आहे. 22 माणसांचा हिशेब केला तर 6160 न्यूटन, म्हणजे खाऱ्या पाण्यात सुमारे 0.6 घनमीटर फोम. हा फोम बाहेरची बॉडी आणि आतलं अस्तर यांच्या मधे, सीटखाली आणि छतात दडलेला असतो. विकत घेताना नेमका तोच दिसत नाही.

नवा पीयू (पॉलियुरेथेन) फोम घनमीटरला 40 किलोच्या आसपास. 0.6 घनमीटर म्हणजे 24 किलो. त्यातला निम्मा भाग पाण्याने भरला तर सरळ 300 किलो वजन वाढतं आणि तेवढीच तरंगशक्ती जाते. जहाजावर बोट वीस-वीस वर्षं उन्हापावसात टांगलेली असते. दिवसा तापते, रात्री थंड होते. सीटच्या कोपऱ्यात अस्तराला केसासारख्या भेगा पडतात, बेल्टचे बोल्ट आणि नंतर कुणीतरी मारलेले स्क्रू यांच्या भोकांतून पाणी झिरपतं. फोमच्या बंद पेशी हळूहळू फुटतात आणि मग तो पाणी सोडत नाही. वरून चकचकीत रंग मारलेली अशी बोट पाण्यात टाकली की एका कुशीवर झुकते, आणि झुकण्याचं कारण महिनोन्‌महिने कुणाला सापडत नाही.

वर्कशॉपने पहिलं काम बरोबर केलं: बोट आधी तोलली. हायड्राच्या, म्हणजे चाकांवरच्या क्रेनच्या, हुकाला वजनकाटा लावून, सुटं सामान बाहेर काढून, टाकी रिकामी करून. पाटीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा आकडा 260 किलो जास्त आला. मग छोट्या हातोडीने सगळं अस्तर ठोकून पाहिलं. कोरड्या जागी कडक, टणक आवाज येतो, ओल्या किंवा सुटलेल्या जागी बसका. डाव्या सीटखाली आणि इंजिनाच्या पुढे खडूने खुणा झाल्या. तिथे सगळ्यात खालच्या बाजूला 50 मिलिमीटर होल-सॉने भोकं पाडली तेव्हा पहिल्याच भोकातून तपकिरी पाणी आलं. छतातला फोम मात्र कोरडा होता आणि ते साहजिकच आहे, पाणी खालीच जमतं. छत उगाच फोडलं नाही, हेही त्यांच्या शहाणपणाचं.

पुढे अस्तर चौकोनी तुकड्यांत कापलं, कडेला 40 मिलिमीटरची पट्टी राखून. कापलेले तुकडे क्रमांक टाकून जपून ठेवले, कारण तेच परत बसवायचे होते. ओला फोम खरवडून काढला, पोकळी गोड्या पाण्याने दोनदा धुतली आणि तीन आठवडे पंखे लावून वाळवली. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. फोमचा एक घटक आयसोसायनेट असतो. त्याची पाण्याशी गाठ पडली की वायू सुटतो, फोम ठिसूळ आणि मोठ्या पेशींचा होतो, भिंतीला चिकटत नाही. ओलावा मोजायला मीटर वापरला. मीटरचा आकडा निरपेक्ष नसतो, म्हणून कोरड्या छताचा आकडा प्रमाण धरून तळाचा त्याच्याशी ताडला. ही पद्धत योग्य.

नवा फोम एका दमात ओतला नाही, याचं विशेष कौतुक. दोन्ही घटक मिसळले की उष्णता निर्माण होते. जाड थर ओतला तर गाभा करपतो, फार मोठा ओतला तर पेटूही शकतो. त्यांनी फुगल्यावर 150 मिलिमीटरपेक्षा जास्त होणार नाही एवढाच थर घेतला, दोन थरांत अर्धा तास ठेवला आणि वरच्या बाजूला हवा जायला भोकं ठेवली. भोकं नसतील तर फुगणारा फोम अस्तर उचलून टाकतो. या बोटीत निम्म्याहून थोडा कमी फोम बदलला, सुमारे 0.28 घनमीटर, आणि त्याला वाया जाणारं धरून 13 किलो मिश्रण लागलं. काम करणाऱ्यांच्या तोंडावर कार्ट्रिजचे मास्क होते. साधा कापडी मास्क आयसोसायनेटच्या वाफेला काही उपयोगाचा नाही, तेव्हा वर्कशॉप निवडताना हेही बघावं. शेवटी पुन्हा तोललं तेव्हा 235 किलो उतरलेले होते.

बॉडीवर पुढच्या डाव्या बाजूला डेव्हिटला (जहाजावर बोट टांगतात त्या सांगाड्याला) घासून झालेली जुनी जखम होती, आधीच्या कुणीतरी नुसती पुट्टी भरलेली. ती पूर्ण उघडली आणि उतार 12 ला 1 घेतला, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीला चारी बाजूंनी 72 मिलिमीटर घासत नेलं. ग्राहकाला हे पाहून वाटतं की छोट्या जखमेचं भगदाड केलं. पण नवा थर जुन्याला धरून राहतो तो फक्त या उतारावर. उतार कमी घेतला की पट्टी दोन पावसाळ्यांत कडेने सुटते. थर असे: 450 ग्रॅमची मॅट (काचतंतूंची चटई) चार, मधे 600 ग्रॅमचं रोविंग (विणलेलं काचेचं कापड) तीन, आलटून पालटून. एका चौरस मीटरला यात काच 3.6 किलो बसते आणि रेझिन साधारण 6 किलो. बिलात रेझिन याच्या दीडपट दिसलं तर समजावं की रोलर नीट फिरलेला नाही, थर रेझिनने जड आणि ठिसूळ झाला आहे.

हार्डनरचं प्रमाण वजनावर घेतलं, झाकणाने मोजून नव्हे. थंडीतल्या दुपारी एक किलो रेझिनला 15 ग्रॅम. एक टक्क्याच्या खाली गेलं तर रेझिन कधीच पुरतं पिकत नाही, दोनच्या वर गेलं तर तापून चिरतं. एप्रिल-मे मध्ये 38 अंशांत काम करायचं झालं तर हार्डनर कमी करण्यापेक्षा सकाळी सातला काम धरावं. आणि जिथे रेझिन लवकर पिकवणारा कोबाल्ट वेगळा मिळतो तिथे तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावा, मग हार्डनर. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र आले तर स्फोट होतो. या वर्कशॉपमध्ये दोन्ही डबे शेडच्या दोन टोकांना ठेवले होते.

नोव्हेंबरची तारीख मागून घेतली हे बरं झालं. जून ते सप्टेंबर खाडीकाठी हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, आणि त्या दमट हवेत चढवलेले फायबरचे थर, म्हणजे लॅमिनेशन, दिसायला सारखंच दिसतं पण थरांत ओल अडकते. पावसाळ्यात पडदे लावून करून देतो म्हणणाऱ्याला इंजिनाचं काम द्यावं, फायबरचं देऊ नये.

एक गोष्ट ग्राहकाने समजून घ्यावी. मूळ बॉडी आग रोखणाऱ्या रेझिनची असते, दुरुस्ती साध्या आयसोफ्थॅलिक रेझिनने झाली. खासगी बोटीला ते चालतं. पण ही बोट आता कधीच कुठल्या जहाजाची अधिकृत लाइफबोट होऊ शकत नाही. वर्कशॉपने हे तोंडी न ठेवता बिलावर लिहून दिलं. प्रामाणिकपणाचे गुण त्यांना इथे द्यायलाच हवेत, कारण पुन्हा सर्टिफिकेट मिळेल असं सांगून बोटी खपवणारे भेटतात.

बोटीचा इतिहास या कामात आपोआप उलगडत गेला. पुढच्या नाळेवर जहाजाचं नाव आणि नोंदणी बंदर लिहिलेलं असतं. घासताना एका रंगाखाली दुसरं नाव, त्याखाली तिसरं अशी अक्षरं उमटली. जहाज दोनदा विकलं गेलं होतं, बोट मात्र तीच. 22 या आकड्यालाही इतिहास आहे. त्या काळी माणसाचं वजन 75 किलो धरत. पुढे मालवाहू जहाजांच्या नव्या बोटींसाठी ते 82.5 किलो झालं, म्हणजे त्याच भारात आज 20 च माणसं बसतील. खाडीत फिरवायला तर यातला कुठलाच आकडा घेऊ नये. लाइफबोटीची क्षमता जीव वाचवण्यासाठी खांद्याला खांदा लावून बसण्याची आहे, प्रत्येकाला फक्त 43 सेंटिमीटर सीट. ऐसपैस बसणारे आठ जण या बोटीला पुष्कळ झाले, आणि अंतिम आकडा नोंदणीचा सर्व्हेयर ठरवेल.

हुकांवरून तर सालच कळतं. दोन टोकांना जे सुटणारे हुक असतात ते भार असतानाही उघडता यावेत असे बनवलेले, आणि याच सोयीमुळे सरावाच्या वेळी बोटी अवेळी सुटून खलाशी मेले. 2011 मध्ये जुने हुक तपासून बदलण्याचे नियम आले आणि 1 जुलै 2019 ही शेवटची मुदत होती. या बोटीवर जुनेच हुक होते. ते दोन्ही काढून टाकले, आणि तेच योग्य. जुन्या हुकांवर बोट कधीही उचलू नये, एकदासुद्धा. हुकांच्या बुडाचे स्टेनलेस बोल्ट बाहेरून चांदीसारखे चमकत होते, उपसल्यावर मधला भाग पेन्सिलीसारखा निमुळता निघाला. ओल्या फायबरमध्ये हवा पोहोचत नाही तिथे स्टेनलेसही सडतं. आठही बोल्ट 316 ग्रेडचे नवे घातले. आता बोट पोटाखालून दोन रुंद पट्टे घालून उचलतात, वर पट्टे फाकवून धरणारा आडवा दांडा (स्प्रेडर) लावून, नाहीतर पट्टे छत दाबतात.

इंजिन डेन्मार्कच्या बुख कंपनीचं दोन सिलिंडरचं डीव्ही 24. विकणारा सांगत होता की इंजिन फारसं चाललेलंच नाही, आणि ते खरंही आहे. जहाजावर आठवड्यातून तीन मिनिटं इंजिन चालवून पाहायचा नियम. वर्षाला 156 मिनिटं, वीस वर्षांत जेमतेम 52 तास. पण तीन मिनिटांत इंजिन गरमच होत नाही. जळणातली वाफ सिलिंडरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते, ऑइल आंबट होतं, नोझलवर काजळी धरते. कमी तासांचं लाइफबोट इंजिन म्हणून वेगळ्याच तऱ्हेने थकलेलं असतं, त्याची जास्त किंमत देऊ नये. वर्कशॉपने हेड उतरवलं, व्हॉल्व्ह बसवले, दोन्ही इंजेक्टर पंपावर तपासून नोझल बदलले, लिफ्ट पंपाचा डायफ्राम, सगळे रबरी होज आणि माउंटिंग नवे घातले. पहिलं ऑइल दहा तासांनी बदलायला सांगितलं आणि तेवढं कॅलेंडरवर लिहून दिलं.

कूलिंग कीलमधून आहे. बाहेरचं पाणी आत न घेता आतलं पाणी कीलच्या पाइपांतून थंड होतं. आपल्या खाडीला हे फार सोयीचं, कारण गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या इनटेकमध्ये अडकण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्या पाइपांवर बार्नॅकल (चिकटून बसणारे शिंपल्यासारखे जीव) धरले की उष्णता जात नाही, आणि ते धरू नयेत म्हणून मारायच्या अँटिफाउलिंग रंगाचे चार-चार हात चढवले तरी तेच होतं. पाइपांवर एकच पातळ हात पुरे.

इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या शाफ्टचं अलाइनमेंट (एका रेषेत बसवणं) जमिनीवर एकदा आणि पाण्यात दोन दिवस तरंगल्यावर पुन्हा केलं. कपलिंगच्या 100 मिलिमीटर व्यासाला 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. फायबरची बॉडी पाण्यात थोडी आकार बदलते, म्हणून दुसरी तपासणी महत्त्वाची, आणि अनेक जण तीच गाळतात. शाफ्ट बॉडीतून बाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडतात. ते बंद करायला आवळत जाऊ नये, शाफ्ट तापतो आणि खरवडला जातो. अॅनोड, म्हणजे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे तुकडे, त्यांनी जस्ताचे लावले. बेलापूरजवळच्या पनवेल खाडीचं पाणी उन्हाळ्यात खारं आणि पावसाळ्यात निमखारं होतं, निमखाऱ्या पाण्यात जस्त मंद पडतं. अॅल्युमिनियमचे लावायला हवे होते, पुढच्या वेळी बदलून घ्यावेत.

आता टाकी. लाइफबोटीत 24 तास पुरेल एवढं डिझेल ठेवावं लागतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. तळाला पाणी, पाण्याच्या वर काळी बुरशी. वर्कशॉपने ड्रेन उघडून खालचं काढलं, नवं डिझेल भरलं आणि टाकी साफ झाली असं बिलात लिहिलं. झाकण उघडून आतल्या आडव्या पत्र्यांच्या मागे हात घातलाच नाही. चाचणीच्या चौथ्या तासाला फिल्टर चोंदला आणि इंजिन बंद पडलं. भर ओहोटीत असं झालं तर बोट गाळात बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. तक्रारीनंतर टाकी बाहेर काढून विनामूल्य धुतली, आणि इंजिनाआधी डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर लावला. पण हे पहिल्यांदाच व्हायला हवं होतं. घेणाऱ्याने टाकीचं झाकण उघडं असतानाचा फोटो मागावा.

खिडक्यांचंही असंच. बंद केबिन मे महिन्यात भट्टी होते, तेव्हा छतात चार खिडक्या कापणं भाग होतं. कापलेल्या कडांवर मॅटचे चार थर देऊन चौकट जाड केली, हे चांगलं. पण 6 मिलिमीटर पॉलिकार्बोनेट साध्या आंबट वासाच्या सिलिकॉनने चिकटवलं आणि पहिल्याच धुण्यात दोन खिडक्या गळल्या. पॉलिकार्बोनेट उन्हात फायबरपेक्षा जास्त फुगतं, म्हणून बोल्टची भोकं मोठी आणि खाली ब्युटाइल टेप हवी. दुसऱ्यांदा तशी केली तेव्हा गळती थांबली. खिडक्या कापल्या, सीटचे पट्टे काढले की बोट आपोआप सरळ होण्याचा गुण संपला असंच धरून चालावं. आत बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट, बंद केबिन असली तरी.

रंगाबद्दल थोडक्यात: इपॉक्सी प्रायमरवर दोन घटकांचा पीयू, काम स्वच्छ. नारिंगी बदलून पांढरा-निळा करून घेतला आणि चमकणाऱ्या पट्ट्या काढल्या. पाण्यात लांबून नारिंगी लाइफबोट दिसली की कुणीही संकटात कुणी आहे असं समजतो, तो गैरसमज नको.

अंदाजपत्रकात बॉडी, फोम, इंजिन, रंग होते. हायड्राच्या चार फेऱ्या, ट्रकभाडं आणि जुन्या फोमची विल्हेवाट नव्हती. हे तिन्ही लेखी विचारून घ्यावं. बोट 2.2 मीटर रुंद असल्याने 2.6 मीटरच्या वाहन-मर्यादेत बसते, साध्या ट्रकवर येते, खास परवाना लागत नाही. यापेक्षा रुंद बोट घेण्याआधी रस्त्याचा खर्च काढावा. भंगारवाल्याचं पक्कं बिल आणि पाटीचा फोटो जपून ठेवावा, नोंदणी 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे होते आणि तिथे बोट आली कुठून हे विचारतात. वाशी ते ऐरोली पुलांच्या मधला पश्चिम किनारा फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, तिकडे वन विभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये.

बोट ताब्यात घेताना उधाणाच्या भरतीची वेळ धरावी, भांगाला, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत, धक्क्यापाशी पुरेसं पाणी नसतं. आणि पाण्यात सोडण्याआधी तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह स्वतः हाताने पाहावा. लाइफबोटीत तो पाण्यात गेल्यावर आपोआप बंद होणारा असतो, आतला गोळा वाळलेल्या रंगाने किंवा फोमच्या भुशाने अडकला तर उघडाच राहतो. या बोटीत तो अडकलेला होता. वर्कशॉपच्या पोऱ्याच्या ते वेळेत लक्षात आलं, त्याने गोळा काढून धुतला आणि टोपी साखळीने बांधून दिली.